जिन्यालगतची खोली

पुणे, १२ जानेवारी १९९७

चि. मुक्ता,

आशीर्वाद. पत्र फाडायचं असेल तर जरूर फाड, पण आधी वाच. आंतरदेशीय पत्र तसंही फाडल्याशिवाय उघडत नाही, म्हणजे निम्मं काम तू केलंच असशील.

तुझा निरोप पोचला. "मला माहेर नाही असं समजते, आईला सांगा." मावशीने लोणी काळभोरहून येऊन, हातात चहाचा कप घ्यायच्या आधीच तो सांगून टाकला. बरं झालं, नाहीतर तिचा चहा कडू झाला असता. दिवाळसणाला जावईबापूंना बोलावलं नाही, त्यावरून सासूबाईंनी तुला ऐकवलं असणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही ऐकवलं असतं, आणि जरा जास्तच. त्यांना वाटतं आम्ही मावशीकडे राहतो. पण तुला तर ठाऊक आहे ना आम्ही कुठे राहतो? पुलाखाली जावयाला पाट कुठे मांडायचा आणि तेल-उटणं लावून आंघोळ कुठे घालायची, ते तू सांग. मी आजच बोलावणं पाठवते.

तुझे आबा बांधकामावर परांचीवरून पडले, त्यांचा पाय गेला, पायामागे काम गेलं आणि कामामागे भाड्याची खोली गेली. यात कोणी कोणावर रुसायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता खरी बातमी. कर्वेनगरला एका ट्रस्टला जागा मिळाली आहे. तिथे पुलाखालच्या आणि नदीकाठच्या आपल्यासारख्या कुटुंबांसाठी तीन मजली इमारत होणार आहे. पालं नाहीत, पत्रे नाहीत, पक्की घरं. भाडं ज्याच्या त्याच्या कमाईप्रमाणे. इमारतीचे नकाशे काढणाऱ्या बाई आहेत वासंतीताई. कोथरूडच्या. आवाज बारीक, पण चालतात भराभर. पहिल्यांदा त्यांनी निळे कागद पसरून विचारलं, "कळतंय ना?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. कागद दिसला की मान हलवायची, ही आमची सवय. ताईंना ते समजलं असावं. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला टेम्पोत बसवून त्या मोकळ्या जागेवर नेलं आणि शाळेच्या मैदानावर आखतात ना, तशी फक्की टाकून एक अख्खं घर जमिनीवर आखलं. खऱ्या मापाचं. इथे दार, इथे ओटा, इथे मोरी. म्हणाल्या, "चला, राहून बघा."

आपल्या शेजारी राहते ती मथुराबाई तुला आठवत असेल. ती दाराच्या रेघेपाशी गेली आणि चपला काढून आत शिरली. मग सगळ्यांनीच काढल्या. भिंत नाही, छप्पर नाही, आणि बाहेर चपलांची रांग. आबा कोपऱ्यात जाऊन बसले आणि भिंतीला पाठ टेकायला गेले. भिंत होती कुठे? मागे कलंडले. सगळे हसले, आणि तेही हसले. पडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. वासंतीताईंचे मी तेव्हाच मनातल्या मनात पाय धरले.

उत्तर मावशीच्या पत्त्यावर पाठव. पुलाखाली पोस्टमन येत नाही.

तुझी आई

पुणे, ९ मार्च १९९७

चि. मुक्ता,

उत्तर नाही. हरकत नाही. माझ्याकडे सांगायला पुष्कळ आहे.

गेल्या रविवारी देवळाच्या मंडपात बैठक झाली. ट्रस्टचे विश्वस्त आप्पासाहेब आले होते. सदाशिव पेठेतले निवृत्त हेडमास्तर. बोलतात कमी, पण बोलले की समोरच्याला आपलं गणित चुकलं असं वाटतं. त्यांनी नियम वाचून दाखवले. घरात नावं नोंदवलेलीच माणसं राहतील. पाहुण्यांनी दिवसा यावं आणि रात्री आपल्या घरी जावं. त्यात त्यांचं चुकत नव्हतं. एकाच्या नावावर घर घेऊन दुसऱ्याला भाड्याने देणारे त्यांनी पाहिलेत. शिवाय एकाला छप्पर मिळालं की गावाकडचे पाचजण वळकट्या घेऊन येतात, हेही खरंच आहे.

तेवढ्यात एक बाई उठून म्हणाली, "आणि लेक बाळंतपणाला आली तर?"

ती बाई कोण, ते विचारू नकोस.

आप्पासाहेब म्हणाले, "बाळंतपणाला दवाखाने आहेत."

"दवाखाना तिसऱ्या दिवशी घरी धाडतो. घर म्हणजे कोणतं?"

"सासरचं. दुसरं कोणतं?"

यावर सगळ्या बायका हसल्या. आपण विनोद काय केला, ते आप्पासाहेबांना कळेना. मथुराबाई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "सायेब, तुमच्या घरातल्या लेकी पयल्या खेपेला कुठं बाळंत झाल्या?" आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

मग वासंतीताई बोलल्या. एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच प्रत्येकाचं घर. त्यात नवरा, पोरं, म्हातारी माणसं. तिथे बाळंतिणीला सव्वा महिना शेक-शेगडी आणि निवांतपणा कुठून मिळणार? त्यापेक्षा तळमजल्यावर सगळ्यांची मिळून एकच खोली असावी, म्हणजे ज्या घरची लेक येईल तिने तिथे राहावं. आम्ही माना हलवल्या, आणि या खेपेला कळून हलवल्या. पण ताईंनी पुढे सांगितलं, की नकाशात जागा उरलेली नाही. खोली हवी तर एक घर कमी करावं लागेल. म्हणजे एक कुटुंब पुलाखालीच राहणार.

ज्याचं घर जायचं तो मंडपातच कुठेतरी बसलेला. माझ्या लेकीच्या सव्वा महिन्यासाठी तुझं कायमचं घर काढ, असं कोण कोणाला म्हणेल? मी खाली बसले. म्हणजे ती बाई खाली बसली.

तुझी आई

पुणे, २ एप्रिल १९९७

चि. मुक्ता,

काल भर उन्हात आप्पासाहेब स्वतः पुलाखाली आले. हातात छत्री, पण मिटलेली. बरोबर वासंतीताई. मी गोणपाट झटकून अंथरलं. ते बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "तळमजल्यावर जिन्यालगत ट्रस्टच्या ऑफिसची खोली धरली होती. ती बाळंतिणींना. ऑफिस जिन्याखाली जाईल."

ताई म्हणाल्या, "आप्पासाहेब, जिन्याखाली उंची कमी आहे. वाकून जावं लागेल."

"उत्तम. येणारा आपोआप नम्र होईल."

मी विचारलं, असं एकदम कसं ठरलं? तर म्हणाले, "घरी विषय काढला होता. घरी मत पडलं." एवढंच. कोणाचं मत, किती जोरात पडलं, ते मी विचारलं नाही. पाया पडायला वाकले, तर दोन पावलं मागे सरले. "पडू नका. मला सवय लागेल."

म्हणजे कोणाचंही घर कमी झालं नाही, मुक्ते. खोली झाली आणि घरंही सगळी राहिली. त्या मंडपात मी खाली बसले होते ना, ते माझ्या छातीवरचं ओझं काल उतरलं.

आज ताईंनी त्या एकाच खोलीची फक्की टाकली आणि आम्हा बायकांना आत उभं केलं. पाळण्यासाठी वर कडी. शेगडीचा धूर जायला झरोका. आंघोळीला बसता येईल असा दगड मोरीत. खोली झाडायची-पुसायची ती बायकांनीच, हेही ठरलं. शेवटी ताईंनी विचारलं, "अजून काही?" मी म्हटलं, "दाराला आतून कडी." त्या म्हणाल्या, "ती असतेच हो." त्यांच्याकडे असते. तू पुलाखाली मोठी होत होतीस तेव्हा मी माझ्या पदराचं टोक तुझ्या मनगटाला बांधून झोपायचे. तुला वाटायचं, आईला उगाच सवय आहे. ताईंना हे सांगितलं, तर त्यांनी वही काढली आणि सगळ्या घरांच्या कड्या जाड करायला लावल्या. याआधी माझ्या एका बोलण्यावर कोणी काही बदललं, असं मला आठवत नाही.

तुझी आई

कर्वेनगर, पुणे, २२ नोव्हेंबर १९९८

चि. मुक्ता,

मधे पाठवलेल्या पत्रांचं काय झालं ते विचारत नाही. वर गाव बघ काय लिहिलंय. दसऱ्याला आम्ही आलो. दुसरा मजला, जिना चढून उजवीकडे. आबा कुबडी घेऊन चढतात. जिन्याच्या पायऱ्या ताईंनी बुटक्या ठेवल्यात, दर वळणावर बसायला कट्टा आहे. आबा दर कट्ट्यावर बसतात. दमतात म्हणून नव्हे, गप्पा मारायला.

पण गंमत ऐक. आठवडा झाला तरी कोणी गाठोडी सोडेना. घरात फळ्या आहेत, खुंट्या आहेत, आणि सगळा संसार दाराशी बांधून तयार. पुलाखाली कॉर्पोरेशनची गाडी कधी येईल आणि सामान उचलून नेईल याचा नेम नसायचा, म्हणून लागेल तेवढं काढायचं आणि परत गाठ मारायची. तो हात सुटेना. एकमेकांना लाजून कोणी बोलेना. मग एक दिवस वासंतीताई आल्या. दारादारात गाठोडी पाहिली. त्यांनी काही उपदेश केला नाही. पहिल्या घरात जाऊन म्हणाल्या, "चहा टाका." पातेलं गाठोड्यात, साखर गाठोड्यात, गाळणी तर तळाशी. सगळं सोडावं लागलं. पिऊन झाल्यावर दुसऱ्या घरात गेल्या. "चहा टाका." तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचे डोळे पांढरे झाले होते, पण इमारतीत एक गाठोडं बांधलेलं उरलं नाही.

इथे घराबरोबर माणसंही दिली आहेत. खाली बालवाडी आहे, तिथला खाऊ मी शिजवते. पगारी काम आहे, फुकट नाही. मंगळवारी नर्सबाई येतात. रेशनकार्ड, शाळेचे दाखले यांच्यामागे धावायला एक मुलगी आहे, ती साहेबांशी अशी भांडते की मला तिचा अभिमान वाटतो. आप्पासाहेब रोज वाकून ऑफिसात जातात. दोनदा टेंगूळ आलं.

आणि काल मावशी आली होती. तुला चौथा महिना लागलाय, हे तिने सांगितलं. या खेपेला मी तिला आधी चहा दिला होता, पण ऐकून मी अशी उठले की तो सगळा सांडला.

मुक्ते, ये. सातव्यात ये. खोली तयार आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे. आता मी हे तोंड वर करून म्हणू शकते. पत्ता पाठीमागे लिहिलाय. उत्तर इथेच पाठव, पोस्टमन रोज येतो. रुबाबात शिट्टी वाजवतो.

तुझी आई

कर्वेनगर, पुणे, ३ फेब्रुवारी १९९९

चि. मुक्ता,

नोव्हेंबरपासून मी तुला तीन पत्रं लिहिली. तिन्हीत "ये" म्हटलं. तू आली नाहीस, ओळही पाठवली नाहीस. खोटं कशाला बोलू, मला राग आला. माणसाने किती वेळा बोलवायचं? मनात आलं, हिला पुलाखालची आई नको होती, आता घरातली आईही नको आहे.

जिन्यालगतच्या खोलीत पहिली आली ती मथुराबाईची लेक. नातू झाला. अख्खी इमारत पाळण्याभोवती. आप्पासाहेबांनीसुद्धा दारात उभं राहून "ठीक आहे" म्हटलं, म्हणजे त्यांना फार आनंद झाला. मी तिला रोज तेल लावायला जाते. हात तिच्या पाठीवर असतात आणि मनात तू. काल असंच झालं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. मथुराबाई शेक देत होती, तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. तीन पत्रं, एकही उत्तर नाही.

"काय लिवलंस पत्रात?"

"ये म्हणून लिहिलं."

"आन् न्यायला कोन गेलं?"

मी उगाच तेलाची वाटी उचलली.

"अगं तुळजे, पत्रानं कुनी माहेराला येतं व्हय? पोटुशी लेक एकलीच पिशवी उचलून निघंल सासरच्या दारातनं? तिला काय वाटंल, आन् तिच्या सासूला काय वाटंल? मुराळी नको धाडायला?"

तेलाची वाटी हातात घेऊन मी तशीच बसले. मुक्ते, मला सुचलंच नाही. शेतकऱ्याघरची मी, लोणीत वाढलेले. दर सणाला माझा भाऊ मला न्यायला यायचा. तो येईपर्यंत मी उंबऱ्यावर बसून असायचे, आणि तो आल्याशिवाय पाऊल उचलत नसे. आणि मी तुला लिहिते, ये! पुलाखाली कोणी कोणाला न्यायला येत नाही. जे येतात ते हाकलायला येतात. त्या वर्षांत हे माझ्या डोक्यातून पार पुसून गेलं. घर मिळालं आणि मी समजले की माहेर झालं.

तू वाट बघत होतीस का गं? दारात बसून?

संध्याकाळी हे आबांना सांगितलं. पडल्यापासून ते एस.टी.त चढलेले नाहीत. पायरी उंच, लोक ढकलतात, म्हणून मीच कधी नेलं नाही. मी म्हटलं, "मावशीच्या मालकांना पाठवू." सकाळी उठून पाहते तर आबांनी दाढी केलेली, टोपी धुऊन वाळत घातलेली. म्हणाले, "लेक माझी हाय. मी जातो."

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतील. तुमच्या बार्शीला दुपारी पोचतील. बरोबर बेसनाचे लाडू देणार आहे, ते सासूबाईंच्या हातात द्यायचे आहेत, वाटेत संपवायचे नाहीत, असं बजावलंय. मथुराबाईने तिची कोरी साडी सासूबाईंसाठी दिली. "माझ्याकडून नाय, इमारतीकडून," म्हणाली.

हे पत्र त्यांच्याआधी पोचलं तर बरं. नाही पोचलं तरी ते पोचतील.

तुझी आई

कर्वेनगर, पुणे, २५ जुलै १९९९

चि. सौ. मुक्ता,

पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. तुझ्या अक्षरातलं पहिलं पत्र. पोस्टमनने शिट्टी वाजवली आणि मी चुलीवरचा खाऊ तसाच सोडून धावले. बालवाडीला करपलेली खिचडी मिळाली. पोरांनी तक्रार केली नाही, बाईंनी केली.

छकुली दूध नीट पिते का? तिला रात्री उजव्या कुशीवर निजव. आप्पासाहेब विचारत होते, "ती लहान बाई कशी आहे?"

तू गेलीस त्याला आठवडा झाला, आणि खोलीत तिसऱ्या मजल्यावरची लेक आली आहे. आबांनी कुबडी भिंतीला लावून, स्टुलावर बसून खोलीला चुना दिला. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, "मागल्या लेकीचं पुसून न्हाई टाकत. पुढलीला कोरं देतो." मला आधी वाईट वाटलं. मग बरं वाटलं. खोली एकटीची कधी नव्हतीच.

त्या दिवशी बार्शीला काय झालं ते तू सांगितलंस म्हणून मला कळलं. हे तर परत आल्यावर "झालं" एवढंच म्हणाले होते. मी इथे येता-जाता लोकांना सांगते. तुझ्या सासूबाईंनी भर अंगणात विचारलं, "न्यायला आलात, पण न्याल कुठं?" आणि हे, जे वर्षानुवर्षं कोणासमोर मान वर करत नव्हते, टोपी सारखी करून म्हणाले, "पुण्यात, कर्वेनगरला. तळमजला, जिन्यालगतची खोली. दाराला आतून कडी हाय." तुझ्या सासूबाईंना कडीचं काय कौतुक असणार? पण तू आत उभी होतीस आणि तू ऐकलंस. ऐकून तू रडलीस, आणि सासूबाईंना वाटलं पोटात दुखतंय. त्यांनी घाईघाईने तुझी पिशवी भरली. माणूस म्हणून चांगल्या आहेत. त्यांना मी फार वाईट समजत होते.

आणि ती बैठकीतली बाई कोण, हे मथुराबाईने तुला सांगितलंच. तिच्या पोटात काही राहत नाही.

आता एक गोष्ट सांगते. तुझ्यासमोरच घडली, पण तू छकुलीला सांभाळण्यात होतीस, माझ्याकडे तुझं लक्ष नव्हतं. तू निघालीस त्या दिवशी आपण कर्वेनगरहून स्वारगेटला जाणारी बस पकडली. मी मागच्या सीटवर, आबा दाराशी. कंडक्टर तिकिटं फाडत तुझ्यापाशी आला आणि विचारलं, "कुठून?"

तू म्हणालीस, "माहेराहून."

तो पुण्याचाच. म्हणाला, "ताई, तिकिटावर स्टॉपचं नाव लागतं."

सगळी बस हसली. तू लाजून कर्वेनगर म्हणालीस. मी मात्र पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत बसले. स्वारगेट येईपर्यंत मला एकही दुकान नीट दिसलं नाही. "मला माहेर नाही" हा तुझा निरोप मी अडीच वर्षं उशाशी घेऊन झोपत होते, मुक्ते. तो त्या बसमध्ये सुटला. त्या कंडक्टरला, ताईंना, आप्पासाहेबांना, त्यांच्या घरी ज्यांचं मत पडलं त्यांना, मथुराबाईच्या फटकळ तोंडाला, मी कोणाकोणाला किती वेळा हात जोडू?

जावईबापू जयसिंगरावांना सांग, या दिवाळीला पाट मांडलेला असेल. उटणं मी स्वतः कुटणार आहे, दुकानचं नाही. तीन वर्षं उशीर झाला, पण दिवाळसण तो दिवाळसण.

दिवाळीला नक्की ये, असं वर एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ खोडलेली तुला दिसत असेल. दिवाळीला आबा न्यायला येतील.

तुझी आई